जाणाऱ्याची पावलं

“गप्प कुठे होता तो?” बाबा म्हणाले, आणि लाल दिवा चालू होता.

लाल दिवा चालू असला की आमच्या खोलीत कोणी नाकसुद्धा ओढत नाही. पडद्यावर जो चालतो त्याची पावलं मी चालते, हा माझा धंदा. चित्रीकरणात नटांचे बूट कसेही वाजतात, वाऱ्यात तर वाजतच नाहीत. मग तो आवाज पुसून टाकतात, आणि मी या जाड पडद्यांच्या खोलीत, जमिनीत केलेल्या खड्ड्यात उभी राहून, समोरच्या पडद्यावर डोळे ठेवून ती पावलं नव्याने टाकते. एका खड्ड्यात खडी, एकात माती, एकात फरशा, आणि सध्या सगळ्यात मोठ्या खड्ड्यात वाळू. चालायचं, पण जागच्या जागी. नायक अख्खा देश ओलांडून गेला तरी मी माइकसमोरून हलायचं नाही. नवरा म्हणतो, एवढं चालून हिचं वजन मात्र तसूभर उतरत नाही. स्टुडिओत मला पावलंवाली म्हणतात, आणि पावलंवालीचा पहिला नियम असा की टेक चालू असताना छत कोसळलं तरी पाय थांबता कामा नयेत. म्हणून मी थांबले नाही. बाबांचं वाक्य कानात शिरलं, आणि पाय आपले चालत राहिले, दमलेल्या माणसाचे, टाचा ओढत.

पडद्यावर दोन सैनिक निघाले होते. चित्रपटाची गोष्ट साधी आहे. युद्ध चालू असताना वाळवंटात वाट चुकलेला एक ट्रक, त्यात तिघं, पाणी संपत आलेलं, एकाचा पाय मोडलेला. त्याला ट्रकच्या सावलीत ठेवून दोघं मदत आणायला जातात. मागे राहिलेला पाठ टेकून बसलाय, गालावर देखणं ऊन आहे, तो हात वर करून निरोप देतो आणि तोंडातून शब्द काढत नाही. दिग्दर्शक या प्रसंगावर इतका खूश होता की सकाळी मला दोनदा हात जोडून म्हणाला, “ताई, इथे संवाद नाही, संगीत नाही. फक्त तुमची पावलं. सगळा पिक्चर तुमच्या पायांवर आहे.” असं प्रत्येक पिक्चरला कोणीतरी म्हणतंच. मी हसले, मोठ्या मापाच्या लष्करी बुटांत चिंध्या कोंबल्या आणि वाळूत उतरले. आणि आता माझ्या मागे, भिंतीलगतच्या स्टुलावर बसलेले बाबा, उशिरा सुटलेल्या बसची वेळ दुरुस्त करावी तशा आवाजात, कोणालाच उद्देशून नाही असं बोलत होते. “ओरडत होता तो. किती लांबपर्यंत ऐकू येत होतं.”

पायाखालची वाळू सरकली असं आपण म्हणतो. माझ्या पायाखाली खरोखरची वाळू होती, पोती फोडून ओतलेली, आणि ती जागची हलली नाही. सरकली ती मांडी. आमचं घर एका मांडीवर उभं आहे, बाबांच्या. माझा मामा, आईचा एकुलता एक भाऊ, आणि बाबा लष्करात एकाच ट्रकवर होते. बाबा चालवायचे, मामा शेजारी बसून तोंड चालवायचा, असं आई सांगते. लढाईच्या धामधुमीत त्यांचा ट्रक ताफ्यापासून तुटला, वाळवंटात उलटला, आणि बाबा एकटेच परत आले. निरोप घेऊन ते मामाच्या घरी गेले तेव्हा आई दाराआड उभी होती, लग्नाच्या वयाची. बाबांनी आजीला सांगितलं, माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेला, शेवटचा घोट मी पाजला, फार त्रास झाला नाही. आजी त्या मांडीला हात लावून रडली म्हणे. पुढच्याच वर्षी आईचं त्या मांडीच्या मालकाशी लग्न झालं. म्हणजे हिशेबाने पाहिलं तर मीही त्या मांडीतूनच उपजलेली. आई भांडायला कमी नाही, बाबांच्या घुमेपणावर ती दिवसभर करवादू शकते, पण भांडण हातघाईवर आलं की मध्येच थांबायची, पदराने तोंड पुसायची आणि म्हणायची, “जाऊ दे. माझा भाऊ एकटा मेला नाही, ते तुमच्यामुळे.” दंतवैद्याच्या खुर्चीत, रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी बाईला, माझ्या सासूला पहिल्याच भेटीत, सगळ्यांना तिने ही मांडी सांगितली आहे. बाबा अशा वेळी उठून पाणी प्यायला जायचे. आम्हाला वाटायचं, माणूस हळवा आहे.

आणि आई काचेपलीकडे बसली होती. कानांवर हेडफोन लावून.

हे सगळं माझंच करणं. दिग्दर्शकाला मी गप्पांच्या ओघात बोलून गेले की माझे वडील असेच वाळवंटातून आले आहेत, आणि तो हट्टालाच पेटला, काकांना आणा, त्यांनी नुसतं ऐकलं तरी चालेल. बाबा नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. ते हो म्हणाले. मी चकित झाले, आई तर नटूनथटून तयार. “माझ्या भावाचा पिक्चर आहे तो,” असं ती टॅक्सीवाल्यालाही म्हणाली. इथे आल्यावर बाबांना वाळू बघायची होती, म्हणून ते आत माझ्यापाशी बसले. आईचे गुडघे स्टुलावर बसू देत नाहीत, म्हणून ती बाहेर रेकॉर्डिस्टच्या शेजारी, गुबगुबीत खुर्चीत. तिला कमी ऐकू येतं. रेकॉर्डिस्ट भला माणूस, त्याने तिच्या कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवायला लावलं, हेडफोन चढवले आणि म्हणाला, “आता बघा काकू, मुंगी चालली तरी ऐकू येईल.” ते खरंच आहे. माझ्यासमोरचा माइक असा की माझं पोट गुरगुरलं तर टेक फुकट जातो. सकाळीच आवंढा गिळल्याबद्दल मी बोलणी खाल्ली होती. बाबांची दोन वाक्यं त्यात जशीच्या तशी उतरली असणार. प्रश्न एवढाच होता की तेव्हा आईचं लक्ष होतं का. हेडफोन नीट बसलेले होते का. ती सारखी ते मागे सरकवत होती, केस दुखतात म्हणून. मी मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून काचेकडे पाहिलं. काचेवर पडद्याचा उजेड पडला होता, वाळवंटच्या वाळवंट तिथे पिवळं तरंगत होतं, आणि त्यातून आईची फक्त हनुवटी दिसत होती. हनुवटीवरून माणसाचं काही कळत नाही.

मला भीती वाटली. बाबांनी काय केलं याची नाही. ते मला त्या क्षणी नीटसं कळलंही नव्हतं. भीती वाटली ती आईच्या त्या एका वाक्याची. ते वाक्य काढून घेतलं तर आईकडे काय उरतं, हे मी वाळूत पाय टाकता टाकता मोजू लागले आणि मला फारसं काही सापडेना. मग मनाने भलतेच उद्योग सुरू केले. बाबा म्हातारे झालेत. पडद्यावरचं आणि खरं यात त्यांची गल्लत झाली. किंवा मामा आधी ओरडला असेल, मग मांडीवर गेला असेल. पण लांबपर्यंत, असं म्हणाले ते. मांडीवरच्या माणसाचा आवाज लांबपर्यंत कसा येईल? लांब कोण होतं? आवाज आणि अंतर यांवर तर माझी भाकरी आहे. ते वाक्य दुसऱ्या कोणी ऐकलं असतं तर सुटून गेलं असतं, मला ते सोडता येईना. पुढच्या सैनिकाने पडद्यावर ठेच खाल्ली, मीही खाल्ली. माझे पाय माझ्याहून शहाणे आहेत.

आणि मग, काही कारण नसताना, बाजार आठवला. मी लहान होते, बाबांचं बोट सुटलं आणि मध्ये माणसं आली. बाबा दिसत होते, त्यांची पाठ दिसत होती, खाकी सदरा, मानेवरची घामाची रेघ. मी हाक मारली. बाबा. बाबा, थांबा ना. त्यांनी ऐकलं, ऐकलं हे मला पाठीवरून कळलं, कारण ती ताठ झाली. आणि ते भरभर चालू लागले. मी रडत, लोकांच्या पिशव्यांना धडकत धावले आणि मोठ्या रस्त्यापाशी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी कोण हे त्यांना आठवावं लागतंय. मग हात धरला, इतका घट्ट की बोटं पांढरी पडली, आणि घरी येईपर्यंत सोडला नाही. आमच्याकडे ही चेष्टेची गोष्ट होऊन बसली आहे. बाबांना मागून हाक मारून उपयोग नाही, पुढे पळत जाऊन आडवं व्हावं लागतं. माझा नवरा लग्नाच्या गर्दीत त्यांना असाच आडवा झाला होता, सगळे पोट धरून हसले. आईही हसली. “कानाने ठणठणीत आहेत, पण मागचं ऐकू येत नाही त्यांना,” ती म्हणाली होती. माझ्या मागे स्टूल करकरलं. मला वळून बाबांकडे बघायचं होतं आणि बघता येत नव्हतं, कारण पडद्यावरचे ते दोघं अजून चालत होते.

ते टेकडीआड गेले. पडदा काळा झाला. लाल दिवा मात्र जळतच होता. रेकॉर्डिस्ट टेकची शेपटी, म्हणजे शेवटची शांतता, जरा लांब ठेवतो, कापायला बरी पडते. मी एका पायावर, दुसऱ्याची टाच उचललेली, अशी उभी राहिले. मग भिंतीवरच्या स्पीकरमधून त्याचा आवाज आला, “टेक झकास होता गं. मध्ये काका बोलले, तेवढं सोडून. परत घेऊ या?” मी काचेकडे पाहिलं. उजेड गेल्यामुळे आता आई पूर्ण दिसत होती. तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले होते आणि ती बाबांकडे बघत होती. बघत होती एवढंच मी म्हणेन. तिच्या तोंडाची ती ठेवण मी आधी पाहिली नव्हती.

दार धाडकन उघडलं, आणि दिग्दर्शक आत आला, आनंदाने फुललेला. “काका! अहो, हे आधी का नाही सांगितलंत? तो ओरडतो! त्याला गप्प ठेवलं हीच चूक झाली आमची. आपण हाक टाकू. पार टेकडीपर्यंत हाक येत राहील, बारीक बारीक होत जाईल. काय ओरडत होता तो?” बाबांनी गुडघ्यांवर हात ठेवले होते. ते त्या पोराकडे न बघता बुटांकडे बघत होते, माझ्या पायांतल्या. मी म्हणाले, “सर, जरा थांबा.” तो म्हणाला, “नाही ताई, हे फार महत्त्वाचं आहे.” आणि त्याच्या पाठीमागून, ते जड दार दोन्ही हातांनी ढकलत, आई आत आली.

“तुम्ही बाहेर बसा हो जरा,” ती त्याला म्हणाली. मोठ्याने, यंत्र टेबलावरच राहिलं होतं आणि यंत्राशिवाय ती सगळ्यांशी मोठ्यानेच बोलते. तो तिच्याकडे बघून हसला, मग हसू आवरलं आणि गेला. एवढी अक्कल त्याला होती. दार मिटलं. आमची खोली अशी आहे की दार मिटलं की बाहेरचं जग संपतं, स्वतःच्या कानातलं रक्त वाजायला लागतं. आई खड्ड्याच्या कडेला उभी राहिली.

“काय ओरडत होता?”

बाबा काहीतरी पुटपुटले.

“मोठ्याने बोला. मला ऐकू येत नाही.”

“आई, घरी जाऊन बोलू या,” मी म्हणाले. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. बाबा उठले, पुन्हा बसले, आणि मग जे इतकी वर्षं त्यांनी स्वतःशीसुद्धा हळू म्हटलं नसेल ते त्यांना ओरडून सांगावं लागलं.

“शिव्या देत होता.”

“कोणाला?”

“मला. आणखी कोण होतं तिथे?”

आईच्या घशातून एक आवाज निघाला. ती हसली होती. मला ते पटायला वेळ लागला. “तोच,” ती म्हणाली. “तोच तो. बुटाची नाडी तुटली तरी सात पिढ्या उद्धरायचा. मी म्हणायची, एवढा तोंडाळ मुलगा असा मुकाट्याने गेला कसा?” ती माझ्याकडे वळली, डोळे चमकत होते, जणू मामा पुढच्या खोलीत आलाय आणि तिला मला दाखवायचाय. “तुला सांगते, त्याच्या शिव्या ऐकून आमची आई कानांत बोळे घालायची.” मीही हसले. वाटलं, निभावलं. मूर्खासारखं वाटलं, पण वाटलं. मग तिचं हसू ओसरलं, आणि तिने अगदी नीट, एकेक शब्द सुटा करत म्हटलं, “म्हणजे तो ओरडू शकत होता.”

“हो.”

“आणि तुम्ही लांब होता.”

“चालत होतो. पाय मोडला होता त्याचा, मांडीपासून. उचलून नेलं होतं थोडं. मग नाही जमलं. मी नसतो गेलो तर दोघंही...”

“ते मला कळतं. ते नका समजावू.” आईचा आवाज चढला नव्हता, आधीच चढलेला होता. “पाणी?”

“ठेवलं होतं त्याच्यापाशी.”

“सगळं?”

बाबांनी मान हलवली. नाही. इथे ओरडावं लागलं नाही. “गाडी घेऊन परत आलो,” ते म्हणाले. “तोवर संपलं होतं. मग तुमच्याकडे आलो, तू दाराआड उभी होतीस. आई तुझी विचारत होती, एकटा होता का रे, एकटा होता का. मी काय सांगायचं होतं?” आणि मग, कोणी विचारलं नसताना, जणू आता काही ठेवायचंच नाही असं ठरवून, ते म्हणाले, “शेवटी म्हणत होता, माझ्या घरी तोंड दाखवू नकोस. माझ्या आईला, बहिणीला. तोंड दाखवू नकोस. ते शेवटचं ऐकू आलं.”

“आणि तुम्ही आलात.”

“आलो.”

“वळून बघितलंत?”

“नाही.”

मी खड्ड्यात उभी होते, दोघांच्या मधोमध, बुटांत चिंध्या कोंबून, आणि मला बाबांची दया येत होती आणि त्यांचा राग येत होता, आणि दोन्ही एकाच जागी, बरगड्यांखाली. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट उभा राहिला होता. त्याला ऐकू जात असणार सगळं. माइक उघडाच होता. त्याने एकदा हात बटणाकडे नेला आणि परत घेतला. आई खाली वाकली. वाटलं, कोसळते आहे, मी पुढे झाले, पण तिने माझा हात झिडकारला, एक हात कडेच्या लाकडावर टेकवला आणि दुखऱ्या गुडघ्यांसकट वाळूत बसली. इस्त्रीची साडी, नटून आलेली बाई. पाठ खड्ड्याच्या भिंतीला टेकली, पाय पुढे पसरले. चेहरा माझ्या बुटांच्या उंचीवर.

“मला ते कानाला लाव,” ती म्हणाली.

रेकॉर्डिस्टने लांब वायर ओढत हेडफोन आणून दिले, माझ्याकडे न बघता. मी ते आईच्या कानांवर बसवले, केस मोकळे करून. तिने डोळे मिटले. “आता चाल,” ती म्हणाली. “त्याला जसं ऐकू आलं असेल तसं. जातानाचं. मला ऐकू येईनासं झालं की मी हात वर करीन, मग थांब.” मी बाबांकडे पाहिलं. ते भिंतीला लागून उभे होते. त्यांनी मला नको असं खुणावलं नाही, हो असंही नाही. “अगं,” ते म्हणाले. तिला ते ऐकू गेलं असणार. तिने डोळे उघडले नाहीत.

मी चालू लागले. लांब जाणारा माणूस चालायचा तर लांब जायचं नसतं. जागीच राहून भार काढून घ्यायचा असतो, आधी टाचेतला, मग तळव्यातला, वाळू दाबायची नाही, नुसती चाचपायची. हे मी इतक्यांसाठी केलं आहे, रुसून गेलेल्या नायिकांसाठी, पळालेल्या चोरांसाठी. पहिली पावलं मी पूर्ण वजनाने टाकली, कारण तेव्हा जाणारा जवळ होता, नुकताच उठलेला, आणि मामाला त्याचे बूट दिसत असतील. आईचा चेहरा हलला. मग मी हलकी होत गेले. मला जायचं नव्हतं आणि मी जात होते. मामा इथे शिव्या देत असेल, असं मनात आलं, इथेही, आणि इथे त्याने आपल्या न झालेल्या लग्नाबद्दल, आपल्या आईबद्दल काहीतरी म्हटलं असेल, आणि पावलं पुढेच चालली आहेत. चवडे उरले. मग चवड्यांच्या कडा. आता नुसत्या कानाला मलाच ऐकू येत नव्हतं, फक्त पोटऱ्यांना कळत होतं की पाऊल पडलं. आईचा हात मांडीवर होता, तळवा वर. मी त्या हाताकडे बघत होते. बाबाही त्याच हाताकडे बघत होते. मी बूट वाळूला टेकवायचे बंद केले. केसभर वर, हवेतच, डावा, उजवा. खोलीत काही म्हणजे काही वाजत नव्हतं.

आईने मान किंचित एका बाजूला कलती केली, आणखी नीट ऐकू यावं म्हणून. हात तिने उचलला नाही.